तिसऱ्या हाकेनंतर

४ सप्टेंबर

पोचले एकदाची! घाटात बस दोनदा बंद पडली, शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावर मान टाकून मनसोक्त झोप काढली, आणि आईने बांधून दिलेल्या बागोओंगच्या बरणीचं झाकण नेमकं वळणावर सैल झालं. खारवलेल्या मासळीच्या त्या वासाने अख्खी बस खडबडून जागी झाली. मी मात्र 'कुणाचं बाई हे' असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत बसले.

नवी वही आहे, तर नाव लिहूनच टाकते. मी नेरिसा आग्पालो, राहणार पासुकिन, समुद्राकाठी. धंदा सर्व्हर सांभाळण्याचा. तोंडाने फटकळ, असं आई म्हणते. आईचं कुणी ऐकायचं?

बागियोच्या वरच्या अंगाला, पाइनच्या झाडांत, आमच्या कंपनीची ही दुसरी इमारत आहे. जहाजांवरच्या खलाशांचे, आखातात लोकांची पोरं सांभाळणाऱ्या बायकांचे, सगळ्यांचे घरी येणारे फोन आमची कंपनी पोचवते. खोली छोटी आहे, पण खिडकीतून अख्खा डोंगर दिसतो. खानावळीतल्या मानांग पुरिंगने पहिल्याच जेवणात ताटात भाताचा डोंगर वाढला आणि म्हणाली की इथे बारीक माणसाला थंडी आधी खाते. मी म्हटलं की मग माझा नंबर सगळ्यात शेवटी. ती इतकी हसली की पळी हातातून पडली.

सप्टेंबर लागला, म्हणजे आमच्याकडे नाताळ लागला. खानावळीच्या रेडिओवर गाणी सुरू झाली आहेत. नाताळला मी घरी असणार, असं इकायला वचन देऊन आले आहे. इकाय माझी लेक, पहिलीत आहे. येताना स्ट्रॉबेरीचा जॅम आणायचा आणि तो आजीला उघडू द्यायचा नाही, अशी तिची ताकीद आहे.

६ सप्टेंबर

काम समजून घेतलं. शिकवायला मानोंग देल्फिन आहेत. मानांग म्हणजे थोरली बहीण, तसं मानोंग म्हणजे थोरला भाऊ, पण हे माझ्या बापाच्या वयाचे. सगळेच मानोंग म्हणतात, म्हणून मीही.

मनिलातल्या मोठ्या सर्व्हरला इथे 'थोरली' म्हणतात आणि आमच्या इथल्या सर्व्हरला 'धाकटी'. धाकटी दिवसभर एकच काम करते. दर थोड्या सेकंदांनी थोरलीला हाक मारते: आहेस का? थोरली ओ देते: आहे. ओ आली की धाकटी गप्प. लागोपाठ तीन हाका वाया गेल्या, की धाकटी उठते, थोरलीचं नाव घेते, तिचा पत्ता घेते, आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला स्वतः ओ द्यायला लागते. दुबईतून आईशी बोलणाऱ्या पोरीला कळतही नाही की मधला हात बदलला.

पण उठण्याआधी धाकटी थोरलीची वीज तोडते. मानोंग म्हणाले, "ओ आली नाही म्हणजे मेलीच असं थोडंच असतं गं? नुसती तार तुटली असेल. मग ती तिकडे जिवंत, ही इकडे जिवंत, आणि दोघी म्हणणार थोरली मीच. नवऱ्याचा निरोप एकीकडे, बायकोचं उत्तर दुसरीकडे. एका नावाच्या दोघी नांदत नाहीत बाई. आधी जुनीला झोपवायचं, मगच तिच्या जागी बसायचं." दोघींचं पटेनासं झालं तर एक तिसरा असतो, लहानसाच, समुद्राकडच्या गावात ठेवलेला. त्याला साक्षीदार म्हणतात. त्याला विचारायचं, तुला कुणाची ओ ऐकू येते? तो सांगेल ती खरी.

मी विचारलं की जुनी धडधाकट असेल आणि फक्त तारच तुटली असेल तर? मानोंगनी कॉफीत साखर ढवळली आणि म्हणाले की मग तिचं नशीब फुटकं.

एक गंमत. सर्व्हरच्या थंडगार दालनातून बाहेर पडताना मानोंग दारात थांबतात आणि स्वतःलाच हाक मारतात, "चल रे देल्फिन, मागे राहू नकोस." आमच्याकडे नदीवरून, मसणातून परतताना म्हातारी माणसं असं करतात, नाहीतर जीव तिथेच रेंगाळतो आणि नुसतं शरीर घरी येतं. पण सर्व्हरच्या दालनातून? मी हसले. मानोंग रागावले. मग माझ्या वतीने त्यांनीच हाक मारली, "चल गं नेरिसा, मागे राहू नकोस." मी म्हटलं, मानोंग, माझा जीव एवढ्या थंडीत कशाला राहतोय, तो केव्हाच खानावळीत जाऊन बसलाय.

१३ सप्टेंबर

आज इकाय रडली.

दालनात फोन न्यायला बंदी आहे. दाराबाहेर खणांचं एक कपाट आहे, त्यात ठेवून जायचं. संध्याकाळी इकायचा फोन येतो तेव्हा मी आत असले, की तो बिचारा कपाटात वाजून वाजून थांबतो.

आमच्या फोनची एक रीत आहे. इकायचं पहिलं वाक्य, "नानांग, जेवलीस का?" नानांग म्हणजे आई. मी खरं तेच सांगते, की नाही गं बाई, अजून पोटात अन्नाचा कण नाही. हे ऐकायलाच ती टपलेली असते. "आ कर," म्हणते, आणि चमच्यातला भात फोनला लावते. मी इकडे मचमच खाल्ल्याचा आवाज करायचा. आईच्या फोनचा पडदा सदा भाताने बरबटलेला असतो आणि शिव्या मला बसतात.

तिच्या बापालाही ती असाच फोन करायची. जहाजावर गेला, मग कुठल्याशा बंदरावर उतरला आणि तिथेच दुसरा संसार थाटला. इकाय भाताचा चमचा हातात धरून बसायची आणि फोन वाजत राहायचा. त्या वाजण्याचा आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. शेवटी एक दिवस मी फोन काढून घेतला आणि तिला सांगितलं, "हाकेला जो ओ देतो तो आपला. जो देत नाही त्याच्यासाठी रडायचं नाही. समजलं?" तिला समजलं. त्यानंतर ती बापासाठी रडली नाही.

आज माझ्यासाठी रडली. म्हणजे अजून मी आपली आहे. मलाही रडू आलं, पण मानांग पुरिंगसमोर कांदा चिरायला घेतला होता, निभावून गेलं.

२१ सप्टेंबर

नेरिसाबाई, पाठ थोपटून घ्या!

युक्ती केली. धाकटी थोरलीसाठी जे करते, तेच माझ्यासाठी करायचं. कंपनीच्या यादीत मी माझं नाव सर्व्हरसारखंच घातलं. थोरली म्हणजे माझा फोन. धाकटी म्हणजे माझा रेकॉर्ड केलेला आवाज. साक्षीदार म्हणून इकायच्या हातातला फोन. यंत्र मला अधूनमधून हाक मारेल. फोन कपाटात बंद असला आणि तीन हाका वाया गेल्या, की इकायला नुसता वाजणारा फोन ऐकावा लागणार नाही. माझा आवाज म्हणेल, "हो गं राणी, जेवले. तू जेवलीस का? काय जेवलीस? बरं, आज काम आहे, उद्या बोलू हं. आजीला पिडू नकोस." मध्ये तिला बोलायला जागासुद्धा सोडली आहे.

सगळी मांडणी नव्याने कोण लिहीत बसणार? थोरली-धाकटीची होती तीच उचलली आणि नावं बदलली. जेवणाच्या सुट्टीत काम फत्ते. मानोंगना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले की उचलताना प्रत्येक ओळ वाचलीस ना? मी म्हटलं, मानोंग, मी काय कालची पोर आहे?

५ ऑक्टोबर

युक्ती झकास चालली आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी धाकटी नेरिसा माझी पाळी निभावते. इकाय रडत नाही.

आज सुट्टी होती म्हणून आईशी निवांत बोलले. ती म्हणाली की हल्ली तू शहाणी झालीस, पोरीवर खेकसत नाहीस. परवा किती वेळ बोलत होतीस, पोरगी हसून हसून गडबडा लोळली. परवा मी दालनात होते. माझं रेकॉर्ड तर श्वासभराचं. आईला राईचा पर्वत करायची खोडच आहे, म्हणून सोडून दिलं.

इकाय मात्र म्हणाली, "नानांग, तू रोज जेवलेलीच का असतेस?" म्हटलं, आज नाही जेवले. तिने लगेच "आ कर" म्हणत फोन भाताने माखला. आईचा आरडाओरडा इथे डोंगरापर्यंत ऐकू आला असेल.

१४ ऑक्टोबर

धाकटीने ओ दिलेल्या फोनचं ध्वनिमुद्रण यंत्रात राहतं. आज सहज ऐकलं.

सुरुवात माझीच. "हो गं राणी, जेवले." मग इकायने शाळेतलं काहीतरी सांगितलं. मग माझा आवाज "आज काम आहे" म्हणाला नाही. तो म्हणाला, "मग? बाईंनी काय केलं?"

मी हे रेकॉर्ड केलेलं नाही.

पुढे माझ्या आवाजाने गोष्ट सांगितली. शिंपला हरवलेल्या खेकड्याची. ती मी इकाय तान्ही असताना रचली होती आणि माझी मीच विसरले होते. खेकडा रडतो तिथे मी नाक ओढत असे, ते नाक ओढणंसुद्धा जसंच्या तसं. इकायने मध्येच चार वेळा तेच ते विचारलं. मी असते तर तिसऱ्या वेळी ओरडले असते. तो आवाज ओरडला नाही. चारही वेळा त्याने नव्याने सांगितलं.

भीती नंतर वाटली. खरं लिहायचं तर आधी मला हेवा वाटला.

१५ ऑक्टोबर

युक्ती काढून टाकायला बसले. यादीत माझं नाव उघडलं. तिथे लिहिलं होतं:

नेरिसा, थोरली: ओ नाही.
नेरिसा, धाकटी: चालू.

फोन माझ्या हातात होता. पूर्ण चार्ज, पूर्ण रेंज. यंत्र हाक मारत होतं आणि माझा फोन हूं की चूं करत नव्हता. मी वेड्यासारखी पडद्यासमोर मोठ्याने म्हटलं, ओ. आहे. मी आहे.

नाव पुसायला गेले तर यंत्र म्हणालं की हा अधिकार फक्त नेरिसा आग्पालो यांना आहे, आणि त्या सध्या दुसऱ्या ठिकाणाहून काम करत आहेत.

मानोंगना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, माझी मांडणी ओळीओळीने वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मी थोरली-धाकटीच्या मांडणीतून तशीच उचलली होती. नाव बदललं, ओळ राहिली. 'जागा घेण्याआधी जुनीची वीज तोडावी.'

मी हसून म्हटलं की माणसाची कसली आलीय वीज, मानोंग. ते हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि बराच वेळ माझा हात धरून ठेवला. माझा हात गार पडलाय, असं ते म्हणाले.

१ नोव्हेंबर

मेलेल्यांचा सण. घरी जाऊन बापाच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची होती. वादळाने घाट बंद आहे. गेलेच नाही.

संध्याकाळी आईला फोन लावला. लागला नाही, समोरचा माणूस दुसऱ्या फोनवर आहे, म्हणे. तासाभराने लागला. आई म्हणाली की अगं आत्ताच तर बोललीस, मेणबत्ती लावली का ते विचारलंस, परत काय? मी म्हटलं, आई, ती मी नव्हते. आई म्हणाली की थट्टा पुरे, सणासुदीला असलं बोलू नये. मग म्हणाली, आवाज नीट येत नाहीये गं तुझा, फार लांबून येतोय, मघाशी किती स्वच्छ येत होता.

ओरडून ओरडून घसा बसला. आई हॅलो हॅलो करत राहिली आणि मग तिने फोन ठेवला.

९ नोव्हेंबर

माझं कार्ड दार उघडत नाही. मानोंग आत घेतात.

खोलीतला दिवा गेला. वायरमन आला, बटण दाबलं, लागला. तो गेला, मी दाबलं, नाही लागला.

मानांग पुरिंगने आज सगळ्यांना वाढलं. माझ्यासमोर येऊन पुढे गेली. मी म्हटलं, मानांग, माझं ताट? ती दचकली आणि कळवळून म्हणाली, "अगंबाई, तू आहेस होय! मला वाटलं तू गावी गेलीस. कुणीतरी म्हणालं." मग दुप्पट वाढलं. मी जेवले. चव लागली नाही, पण तिच्यासाठी सगळं संपवलं.

२० नोव्हेंबर

मानोंगनी मनिलाला कळवलं. तिकडून उत्तर आलं की नेरिसाबाईंशी आमचं रोज बोलणं होतं, त्यांचं काम उत्तम आहे.

आता एकच वाट उरली आहे, साक्षीदाराची. दोघींचं पटत नसेल तर साक्षीदाराला विचारतात आणि तो सांगेल ती खरी. माझी साक्षीदार इकाय. तिने एकदा, एकदाच, माझी ओ ऐकली पाहिजे. मानोंग म्हणाले की फोनचा नाद सोड, त्या वाटेवर ती बसलीय; पायाने घरी जा आणि पोरीसमोर उभी राहा.

घाट उघडला की निघते. जॅम घेऊन ठेवला आहे.

३ डिसेंबर

आज मानोंगनी माझ्या डोळ्यांदेखत माझी खुर्ची उचलून बाजूला ठेवली. मी हाक मारली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कानात बोट घालून फिरवलं.

मी त्यांच्यासमोर उभी होते. मानोंग. मानोंग देल्फिन. मी आहे.

दालनातून निघताना दारात ते थांबले. "चल रे देल्फिन, मागे राहू नकोस." मग सवयीनं, "चल गं नेरिसा, मागे राहू नकोस." आणि तिथेच उभे राहिले, कपाळाला आठ्या घालून, आपण आत्ता कुणाला हाक मारली ते आठवत. बराच वेळ. शेवटी मान हलवली आणि दार लावलं.

मी बाहेर होते की आत, ते मला नीट सांगता येत नाही.

१२ डिसेंबर

बसमध्ये. कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. माझ्या जागेवर एक जाड्या येऊन बसला, मी उठले. उभ्याने आले.

लोक नाताळची खोकी, बागियोचे झाडू, जॅमच्या बाटल्या घेऊन घरी चालले आहेत. कुणाला कुणाचे फोन येत आहेत. निघालो, पोचतोच, जेवायला थांबा. सगळ्यांच्या हाकांना सगळे ओ देत आहेत.

फार रडले. कुणी वळून पाहिलं नाही, म्हणून मोकळेपणाने रडता आलं. तेवढाच फायदा.

१३ डिसेंबर

घर. कुंपणापाशी.

आईने चांदणीचा कंदील लावलाय. बिस्कोचोची बिस्किटं भाजल्याचा वास येतोय.

खिडकीतून दिसतं — आई भाजी निवडते आहे. इकाय जमिनीवर बसली आहे. तिच्या मागे बसून कुणीतरी तिच्या वेण्या घालतंय. माझा निळा झगा. माझे हात. डाव्या अंगठ्यावर भाजल्याची खूण, ती सुद्धा.

इकाय हलली. मी अशा वेळी टपली मारते. तिने मारली नाही. थांबली. पुन्हा घातली.

टेबलावर जॅमची बाटली आहे. झाकण इकायने उघडलेलं.

मी दार वाजवलं. वाजवते आहे. आई म्हणाली वारा सुटला वाटतं.

१७ डिसेंबर

इथेच आहे. भूक लागते अजून. हे बरं लक्षण असावं.

आज इकाय चमचा घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. जेवलीस का? ती म्हणाली, हो गं राणी, जेवले. इकाय चमचा धरून तशीच उभी. पुन्हा विचारलं. हो गं राणी, जेवले. तिसऱ्यांदा —

इकायने चमचा खाली ठेवला. आईला, माझ्या आईला, हळूच विचारलं, "लिलांग, ही कधीच उपाशी का नसते?" आई म्हणाली, "देवाचे आभार मान, कार्टे."

माझं लेकरू. माझ्या लेकराला शंका आली आहे. देवा, तिला शंका आली आहे.

२० डिसेंबर

हात दिसतात का ते पाहिलं. उन्हात नाही. सावलीत थोडे.

अक्षर फिकं येतंय. पेन नवं आहे.

तिला माहीत आहे मी इथे आहे. भांडी घासायला परसात आली, कुंपणाकडे पाहिलं, माझ्याकडे, आणि हसली. रागाने नाही. मी इकायकडे हसते तसं. मला वाटतं तिला माझी कीव —

तिचं माझ्याशी वैर नाही. तिला एक ओळ लिहून दिली आहे, ती पाळते. ओळ मी दिली.

२३ डिसेंबर

इकायने आजीला विचारलं, मागे राहिलेल्या माणसाला घरी कसं आणायचं. आईने सांगितलं. भात करायचा, दारात उभं राहायचं, नाव घेऊन हाक मारायची, चल, ये, मागे राहू नकोस. तीनदा. ओ आली की आत घ्यायचं, पुढे भात ठेवायचा. कुणासाठी गं, आईने विचारलं. इकाय तांदूळ मोजायला गेली.

उद्या.

ती हाक मारणार. मी ओ देणार. माझी साक्षीदार. एवढीशी. फक्त एकदा ऐकू दे. देवा, फक्त —

२४ डिसेंबर, दुपार

आली. दारात. हातात वाटी. भात. वाफ येते आहे.

"नानांग, चल, ये. मागे राहू नकोस."

ओ! ओ दिली. ओ दिली मी, इकाय, कुंपणापाशी, बघ, केळीजवळ —

इकडे पाहिलं. नीट माझ्याकडे. डोळे बारीक केले. ऐकतेय. कान —

"नानांग, चल, ये. मागे राहू नकोस."

ओ, बाळा, ओ — घसा फाटेपर्यंत — एक पानसुद्धा हललं नाही. पळतेय — पायरी — पाय लागत नाहीत —

समोर आहे तिच्या. हातभर. वाफ तोंडावर येते आहे. भाताचा वास —

"नानांग, ये ना. मागे राहू नकोस."

ओ —

आतून. घरातून. माझ्या आवाजात, माझ्याआधी. "ओ गं राणी."

इकाय उभी आहे. अजून माझ्याकडे बघते आहे. ओठ थरथरतोय. वाट बघते. थांब, अजून थोडी थांब, बाळा —

वळली.

रडली नाही. मीच शिकवलंय.

वाटी आत चालली. आतून विचारते आहे, ऐकू येतंय मला, अजून ऐकू येतंय, जेवलीस का, जेवलीस का नानांग, आणि ती आता म्हणते आहे, शिकली ती, म्हणते आहे नाही गं, नाही जेवले, आ —

इकाय, मी. मी इथे. मी नाही जेवले. मी अजून नाही जे